कट्ट्याची चतुःसीमा

त्या हंगामात आमच्या वेबसाइटवर रोज सकाळी नवे सदस्य दाखल व्हायचे आणि त्यांतल्या बहुतेकांना कपाशी कशाशी खातात हेही माहीत नसायचं. कोणी मनगटी घड्याळं विकणारा, कोणी घरबसल्या कर्ज देणारा, कोणी पुरुषांची ताकद वाढवणाऱ्या गोळ्यांचा व्यापारी. नावं इंग्रजी, पत्ते कुठल्या कुठल्या देशांतले, आणि सगळ्यांना उंद्रीच्या कट्ट्यावर येऊन बसायची घाई. गुरुजी ती नावं मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, "एवढे पाव्हने तं माह्या पोरीच्या लग्नाले आले नव्हते."

मी उंद्रीत कॉम्प्युटर क्लास चालवत होते. गुरुजी गावच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. दुपारचं जेवण झालं की क्लासात येऊन पंख्याखालची खुर्ची धरायचे. वेबसाइट आम्हा दोघांची. तिला आम्ही नुसतं 'कट्टा' म्हणायचो.

बीटी कपाशी आल्यापासून दर हंगामाला पाकिटं नवी, त्यांवरची नावं नवी. कोणतं बियाणं कोणत्या जमिनीत टिकलं हे दुकानदार सांगणार नाही, आणि कंपनीचा माणूस तर मुळीच नाही. म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या वावराची खबर कट्ट्यावर लिहायची, अशी सुरुवात झाली. बीटीला बोंडअळी लागतच नाही, असं सुरुवातीला सगळे छातीठोकपणे सांगायचे. मग गुलाबी अळी निघाली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. ती आल्याची पहिली खूण म्हणजे डोमकळी. कपाशीचं फूल उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेलं राहतं आणि आत अळी बसलेली असते. पहिली डोमकळी ज्याला दिसेल त्यानं त्याच दिवशी कट्ट्यावर सांगायचं, म्हणजे आजूबाजूचे लोक आपापलं वावर पाहून त्या कळ्या तोडतील आणि जाळतील. एका दिवसाच्या उशिरानं पुढचं बोंड हातचं जायचं.

त्या काळात आमच्या जिल्ह्याचं नाव बाहेर एकाच कारणानं निघायचं. शहरातून कॅमेरे घेऊन माणसं यायची आणि बाया-माणसांना जरा उदास बसा म्हणून सांगायची. एकदा माझ्या क्लासातही आली होती. मी त्यांना चहा पाजला आणि रस्ता दाखवला. मला आमची कीव करणारं कोणी नको होतं. मला डोमकळी दिसल्या दिवशीच सांगणारी माणसं हवी होती.

आता पडताळणीचं सांगते. साइटवर नाव नोंदवलं की सदस्याच्या ईमेलवर एक पत्र जायचं. त्यातल्या दुव्यावर क्लिक केलं की तुम्ही खरे. नाही केलं तर तुमचं लिहिलेलं कोणाला दिसायचं नाही, मी हातानं मोकळं करेपर्यंत अडकून राहायचं. कागदावर हे छान होतं. पण आमच्या लोकांचे ईमेल मीच काढून दिलेले, माझ्याच क्लासातल्या कॉम्प्युटरवर. विसरायला नको म्हणून पासवर्ड सगळ्यांचा एकच. एकदा ईमेल काढला की तो पुन्हा उघडून बघायचा असतो हे कोणाच्या डोक्यात नाही. भुईमुगाच्या शेंगा घेऊन एकजण आला आणि म्हणाला, "मॅडम, माहा ईमेल झाला ना? बास मंग." त्याच्या हिशेबानं ते काम आधार कार्डासारखं एकदाचं उरकलं होतं.

उलट ते घड्याळवाले. ते काही माणसं नव्हते, कुठेतरी चालू असलेली यंत्रं होती. त्यांतली हुशार होती ती पत्र पोचताच दुव्यावर क्लिक करून मोकळी. बाकीची कोणाचाही पत्ता ठोकून द्यायची आणि आमची पत्रं भलत्याच लोकांच्या दारात जाऊन पडायची. परिणाम असा की आमच्या कट्ट्यावर पडताळणी झालेले खरे सदस्य म्हणजे घड्याळं, गोळ्या आणि कर्ज, आणि खोटे ठरलेले म्हणजे उंद्रीचे शेतकरी. मला हे पाहून हसू यायचं आणि संतापही यायचा.

मग ज्यांच्याकडे साइट ठेवली होती त्या कंपनीचं पत्र आलं. तुमच्याकडून नको तिथे ढिगानं पत्रं जात आहेत, लोकांच्या तक्रारी येत आहेत, आठ दिवसांत साफसफाई करा नाहीतर साइट बंद करू. त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण नेमके दिवस फुलांचे होते. कपाशीला पाती, म्हणजे कळ्या, लागून फुलं सुरू झालेली, आणि गेल्या हंगामाचा अनुभव असलेले लोक रोज नव्यानं नोंदणीला येत होते.

माझा एक भाचा पुण्याला याच कामात होता. तो फोनवर म्हणाला, "मावशी, तू काळजी करू नकोस. मी एक छोटा प्रोग्रॅम पाठवतो. खोटी खाती तो आपोआप शोधेल, तू फक्त बटण दाब." पोरगं कामाचं. त्यानं पाठवलाही. बटण दाबायच्या आधी कोण कोण जाणार ते बघून घ्यावं म्हणून मी यादी उघडली आणि गुरुजींना हाक मारली.

यादीत आमचं निम्मं गाव होतं. प्रोग्रॅमनं बरोबरच शोधलं होतं म्हणा. एकाच कॉम्प्युटरवरून काढलेली खाती, एकच पासवर्ड, ईमेल कधी न उघडलेला. आणि वरून जन्मतारीख. ह्याची एक जून, त्याची एक जून, त्याच्या बायकोची एक जून, खाली सरकत जावं तिकडे एक जून. यंत्राच्या दृष्टीनं असली माणसं नसतातच.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि पोट धरून हसले. "बाई, हे सगळे म्या जन्माले घातले," ते म्हणाले. "पोरगं शाळेत घालाले आनलं की मायले इचारावं, कवा झालं. माय म्हने, ज्वारीच्या सोंगनीत. मंग मी एक जून लावून देऊ. शाळेत बसाले तेच सोईचं होतं."

मी भाच्याला सांगितलं, तुझा प्रोग्रॅम आमच्या गुरुजींना ओळखत नाही. तो म्हणाला, मग निदान नवीन नोंदणी बंद ठेव, हंगाम संपला की उघड. ठीकच बोलत होता तो, पुण्यात बसून. पण यादीतली नावं बघताना मला एक दिसलं होतं आणि ते डोक्यातून जात नव्हतं. त्यांतली पुष्कळशी गावकुसाबाहेरच्या, गुरुजींच्या वस्तीतली होती, आणि बरीच बायांची. पंचायतीत, सोसायटीत, पाण्याच्या टाकीवर ज्यांची नावं आधीच सगळ्यात शेवटी लागतात किंवा लागतच नाहीत, तीच माणसं. ती मोठ्या हौसेनं माझ्याकडे येऊन नाव लावून गेली होती. आता ते नाव एका बटणानं पुसायचं आणि विचारायला आल्यावर काय सांगायचं, की तुम्ही खरे नाही? मी भाच्याला म्हटलं, एकही नाव जाणार नाही आणि दारही बंद होणार नाही. तो म्हणाला, मग खरं कोण ते तू ठरवणार कशी? मी म्हटलं, दिवस आहेत अजून.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच घडलं. एक अनोळखी माणूस नोंदणीला आला. मी कीबोर्ड ओढायच्या आत गुरुजींनी सवयीनं विचारलं, "कोन्या शिवारातले? बांधाले कोन कोन हाय तुमच्या?" तो उभ्या उभ्या सांगत गेला. पूर्वेला अमका, पश्चिमेला तमका, दक्षिणेला गाडरस्ता, उत्तरेला चुलत्याचं वावर. गुरुजींनी मान हलवली. "मंग तुमी तं आमच्या अमक्याचे भाचजावई," म्हणाले. एवढ्यात माणूस पक्का झाला.

शेतीच्या खरेदीखतात जमिनीच्या चारी बाजूंना कोणाची जमीन आहे ते लिहितात, त्याला चतुःसीमा म्हणतात. वाचता न येणाऱ्यालाही स्वतःची चतुःसीमा तोंडपाठ असते. घड्याळवाल्याकडे सगळं असेल, बांध नसेल. मी त्याच दुपारी ईमेलची पडताळणी काढून टाकली. नवा नियम असा केला: नोंदणी करायची आणि क्लासच्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे पैसे लागत नाहीत. मी उलटा फोन करणार. तुम्ही चतुःसीमा सांगायची आणि त्या चारांतल्या एका तरी शेजाऱ्यानं सांगायचं की हो, हे वावर यांचं आणि हा माणूस खरा. जुन्या सदस्यांनाही तेच. पत्रं बाहेर जाणं बंद झालं, तशी कंपनीची अर्धी तक्रार मिटली. उरलेली खाती मुदतीच्या आत निकाली काढायची होती.

त्या आठवड्यात माझा फोन तापलेलाच असायचा. बहुतेकांनी चतुःसीमा सांगता सांगता बांधावरची भांडणंही सांगितली. हा बांध कोरतो, तो पाणी सोडतो, त्याची बाभूळ माझ्यावर सावली पाडते. एकानं चारही बाजूंना भाऊबंदच सांगितले आणि म्हणाला, चौघांपैकी एकही माझ्याशी बोलत नाही, तुम्हीच बोलून घ्या. मी बोलले. चौघंही म्हणाले, माणूस नालायक आहे पण खरा आहे. सगळं गाव ज्यांना चाचा म्हणतं त्यांचं वावर उत्तरेच्या शिवारात, आणि कापसाचं येणं-जाणं खामगावच्या जिनिंगपर्यंत. ते एकटेच कितीतरी शेजाऱ्यांना पक्के करत गेले. घड्याळवाल्या यंत्रांनीही नवा फॉर्म भरला म्हणा. एकानं चारही दिशांना एकच गोळी लिहिली होती. गुरुजी म्हणाले, "याचं वावर मोठं ताकदीचं दिसते."

सगळ्यांचं जमत आलं आणि गाडी एका बाईपाशी अडली.

ती कट्ट्यावरची माझी सगळ्यात भरवशाची सदस्य. नवरा सुरतेला कामाला गेलेला, दोन हंगाम कापसानं धोका दिल्यावर. नाल्याकाठचं वावर ती एकटी कसायची. चौथीपर्यंत शिकलेली, पण मोबाइलवर लिहायला माझ्याकडेच शिकली आणि तिच्या खबरा नेमक्या असायच्या. तिची चतुःसीमा सोपी होती. उत्तरेला नाला, दक्षिणेला रस्ता, पश्चिमेला सरकारी गायरान. ही तिन्ही काही फोनवर बोलत नाहीत. उरली पूर्व, आणि पूर्वेला तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. वाटणी तोंडी झालेली. धाकटा सुरतेला गेल्यापासून थोरल्यानं बांध हळूहळू पश्चिमेला सरकवला, तिनं तहसिलीत अर्ज केला, आणि तेव्हापासून ते पारावर सांगत फिरायचे की वावर सगळं आपलंच आहे, लहान्याच्या बायकोला पोटापुरतं कसायला दिलंय.

मी तिला म्हटलं, तुझ्यापुरता नियम सोडू. मी तुला ओळखते, गुरुजी ओळखतात, आणखी काय पाहिजे.

ती म्हणाली, "नाई मॅडम. मले मेहरबानीनं नाई पाह्यजे. सगळ्यायचं शेजाऱ्यानं सांगतलं, माहं बी शेजाऱ्यानंच सांगाव. त्याहीले इचारा."

"ते नाही म्हणाले तर?"

"तं काढून टाका नाव."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती काय मागत होती ते मला कळत होतं. कट्ट्यावरचं नाव हे निमित्त होतं. कायद्यानं जे मिळायला वर्षं लागणार होती, ते तिला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

मी त्यांच्याकडे गेले. ते ओट्यावर बसून फवारणीचा पंप दुरुस्त करत होते. मी एवढंच विचारलं, पश्चिमेच्या बांधाला कोण आहे ते सांगा. त्यांनी मान वर केली नाही. "काऊन सांगू?" म्हणाले. "तुमाले कोनं पाठवलं मले ठाव हाय. तुमच्या त्या कट्ट्यावर मी बसत नाई, मंग मी काऊन गवाही देऊ?" मी म्हटलं, गवाही नाही, शेजार विचारतेय. ते म्हणाले, "शेजार असंन तं वावर बी तिचंच असंन. मी खुळा नाई, मॅडम." घरात गेले आणि दार लोटून घेतलं. माणूस खरंच खुळा नव्हता. माझा प्रश्न कुठे जातो ते त्याला माझ्याआधी कळलं होतं. घरी परत येताना मी त्याला मनातल्या मनात जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी ती सकाळीच क्लासात आली. ओच्यात कपाशीची फुलं होती, मिटलेली. टेबलावर ठेवून तिनं एक उकललं. आत अळी वळवळत होती, फिकट, अजून गुलाबी न झालेली. उंद्रीच्या शिवारातली त्या हंगामातली पहिली डोमकळी ती होती.

"पूर्वेच्या बांधाकून हाय," ती म्हणाली. "त्याहीच्या वावरात बी असंनच. त्याहीनं अजून पाह्यलं नसंन." मग म्हणाली, "खबर टाका. नाव नोका टाकू. नाव पक्कं झाल्यावर मी मंग माही लिहीन."

मी म्हटलं, त्यांनाही सांगायचं का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच प्रश्न लाजिरवाणा वाटला. "अळी काय वाटनी पाहून बसते का, मॅडम?" ती म्हणाली आणि फुलं गोळा करून जाळायला घेऊन गेली.

मी खबर टाकली. उंद्री, उत्तरेचं शिवार, नाल्याकाठच्या वावरात पूर्वेच्या बांधालगत डोमकळ्या, सगळ्यांनी आजच आपापलं पाहून घ्यावं. कट्ट्यावर नसलेल्यांपर्यंत आमच्या खबरा पारावरून पोचायच्याच. त्या दुपारी उत्तरेच्या शिवारात कपाशीच्या ओळींतून वाकलेली माणसं दिसत होती. गुरुजी सायकलवरून चक्कर मारून आले आणि म्हणाले, थोरला बी पाहून राह्यला, बायकोपोरासकट, घमेलंभर कळ्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मुदतीचा शेवटचा दिवस. मी कॉम्प्युटर उघडून बसले होते. सगळे पक्के झाले होते, घड्याळवाले आणि गोळ्यावाले बाजूला निघाले होते, आणि आमच्यांतलं एकच नाव मधे लोंबकळत होतं. गुरुजी म्हणाले, बाई, आता तुमच्या हातानं करून टाका, तिला कळणारही नाही. मी म्हटलं, तिला कळेल. नियम तिनं पाळलाय, मी कोण मोडणारी.

अकराच्या सुमाराला मिस्ड कॉल आला. नंबर ओळखीचा नव्हता. मी उलटा फोन केला.

"मी बोलून राह्यलो," पलीकडून आवाज आला. नाव सांगायची गरज नव्हती.

मी नियमाप्रमाणे विचारलं, तुमची चतुःसीमा सांगा.

"पूर्वेले गाडरस्ता," ते म्हणाले. "दक्षिनेले चाचाचं वावर. उत्तरेले नाला." मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता. "पश्चिमेले आमच्या लहान्याची बायको हाय."

मी विचारलं, "ती तुमच्याकडून कसते असं लिहू, की वावर तिचं असं लिहू?"

गुरुजी खुर्चीतून पुढे सरकून बसले होते.

"तिचं," ते म्हणाले. "वावर तिचं हाय. लिवा." आणि मी काही बोलायच्या आत, "पन तहसिलीत मी हे म्हननार नाई. हे तुमच्या कट्ट्यापुरतं." फोन ठेवला.

मी तिच्या नावापुढे खूण केली. गुरुजींनी चष्मा काढून उगाचच पुसला. कंपनीला कळवलं की साफसफाई झाली, आणि साइट राहिली. भाच्यालाही कळवलं. तो म्हणाला, मावशी, ही पद्धत मोठ्या साइटला चालणार नाही. मी म्हटलं, मोठी साइट करतंय कोण?

संध्याकाळी वावरातून परतताना ती क्लासच्या दारात थांबली. डोक्यावर गवताचा भारा तसाच होता, आत आली नाही. "काय सांगतलं त्याहीनं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. पूर्वेला गाडरस्ता, दक्षिणेला चाचांचं वावर, उत्तरेला नाला. पश्चिमेला लहान्याची बायको, वावर तिचं. तहसिलीचंही सांगितलं, लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता.

तिनं ते सगळं ऐकून घेतलं. तहसिलीचं जणू कानावर पडलंच नाही. मग एका हातानं भारा सावरला आणि म्हणाली, "पश्चिमेचं पुन्हा एकडाव सांगा."

मी पुन्हा सांगितलं.